चंदेरी तळ्यातला खजिना आणि जालन्याचा काळा दगड

सिनॉप्सिस, साहित्य-आढावा, पेटचा दुसरा पेपर हे सगळं या वेळी बाजूला ठेवू. आज एका जुन्या जर्मन काउबॉय सिनेमाबद्दल लिहिते आहे. 'हिचा विषय बेसॉल्टमधलं भूजल, हिला काउबॉय कुठून सुचले' असं वाटेल, पण थोडा दम धरा. दगड येणारच आहे.

सिनेमाचं मूळ नाव 'डेर शात्झ इम झिल्बरझे', म्हणजे 'चंदेरी तळ्यातला खजिना'. हॅराल्ड राइन्ल दिग्दर्शक, १९६२ साली आलेला. गोष्ट साधी आहे. कर्नल ब्रिंकली नावाचा दरोडेखोर आणि त्याची टोळी एका घोडागाडीवर हल्ला करून एका माणसाला मारतात आणि त्याच्याजवळचा खजिन्याचा नकाशा लांबवतात. नकाशा मात्र अर्धाच असतो, उरलेला अर्धा दुसऱ्याकडे. मेलेल्या माणसाचा मुलगा सूड घ्यायला निघतो. त्याच्यासोबत दोन वीर: अपाची जमातीचा सरदार विनेटू आणि त्याचा गोरा मित्र ओल्ड शॅटरहँड. पाठलाग, वेढा, अपहरण, मूळ रहिवाशांशी संघर्ष आणि शेवटी तळ्याकाठच्या गुहेतलं सोनं. ते सोनं पाहून दरोडेखोर आपापसांतच मारामारी करतात आणि सरतेशेवटी खलनायकही जातो आणि खजिनाही. युरोपात हा सिनेमा तुफान चालला. त्यानंतर विनेटूच्या सिनेमांची रांगच लागली, आणि युरोपातही वेस्टर्न काढून पैसा मिळतो हे इटलीतल्या निर्मात्यांच्या लक्षात आलं. सर्जिओ लिओनेचा पहिला वेस्टर्न १९६४ चा, म्हणजे याच्या नंतरचा. आपला 'शोले' त्या पुढच्या पिढीतला.

आता मजा पाहा. ज्या कादंबरीवर हा सिनेमा आहे तिचा लेखक कार्ल माय (१८४२ ते १९१२) जर्मनीत सॅक्सनीत बसून लिहायचा. ही गोष्ट १८९०-९१ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८९४ मध्ये पुस्तक झालं. माय अमेरिकेला पहिल्यांदा गेला १९०८ साली, तेही पूर्वेकडे. ज्या रॉकी पर्वतांची वर्णनं वाचून जर्मनीतल्या पिढ्या वाढल्या, तिथे तो कधी पोचलाच नाही. एवढं असून ओल्ड शॅटरहँड म्हणजे मीच, असंही तो लोकांना सांगत असे! त्याचा आधार होता इतरांची प्रवासवर्णनं, नकाशे आणि शब्दकोश. म्हणजे सगळा दुय्यम स्रोत.

सिनेमावाल्यांनीही अमेरिकेचं तिकीट काढलं नाही. चित्रीकरण झालं युगोस्लाव्हियात, आज जो क्रोएशिया आहे तिथे. प्लिटविस नावाच्या सरोवर-साखळीत एकाखाली एक अशी सोळा तळी आहेत. त्यांतलं एक तळं सिनेमात 'चंदेरी तळं' म्हणून उभं राहिलं. विनेटू झाला फ्रेंच नट पिअर ब्रीस आणि ओल्ड शॅटरहँड झाला लेक्स बार्कर, जो आधी टारझन होता. म्हणजे न पाहिलेल्या देशाची गोष्ट, भलत्याच देशात, तिसऱ्याच देशाच्या नटाकडून. प्रेक्षकांनी मात्र ते मान्य केलं.

एका जागेच्या जागी दुसरी जागा

इथे आपला विषय सुरू होतो. एका जागेच्या ऐवजी दुसरी जागा वापरणं हे सिनेमावालेच करतात असं नाही, आम्ही भूशास्त्रवालेही करतो. आम्ही त्याला 'अ‍ॅनालॉग' म्हणतो. सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या मंठा तालुक्याच्या शेजारी आहे: बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्कापाताने झालं आणि ते बेसॉल्ट खडकात आहे. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच आणि तोही विवरांनी भरलेला. मंगळावर हातोडी घेऊन जाता येत नाही, म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारला येतात आणि आघाताने बेसॉल्टचं काय होतं ते इथे पाहतात.

मग प्लिटविसला रॉकी पर्वत म्हणणं आणि लोणारला मंगळ म्हणणं यात फरक काय? सिनेमाला फक्त दिसण्यातलं साम्य पुरतं. उंच कडे, निळं पाणी, रिकामा प्रदेश, झालं काम. संशोधनाला घडण्यातलं साम्य लागतं. लोणार मंगळासारखं दिसत नाही. तिथे झाडी आहे, देवळं आहेत, मोर ओरडतात, पावसाने साडेसाती लावलेली आहे. पण खडक तोच आणि आघाताची प्रक्रिया तीच. त्यामुळे 'आघाताने बेसॉल्टची काच कशी होते' या प्रश्नाला लोणार चालतं. 'मंगळावर विवराची धूप किती वेगाने होते' या प्रश्नाला चालणार नाही, कारण तिथे आपल्यासारखा मोसमी पाऊस नाही. जागा तीच, पण एका प्रश्नाला योग्य आणि दुसऱ्याला अयोग्य.

प्रपोजलमध्ये 'अभ्यासक्षेत्राची निवड' असा एक परिच्छेद असतो. बहुतेक जण तिथे 'सदर क्षेत्र संशोधकाच्या निवासस्थानाजवळ असल्याने' असं काहीतरी लिहून मोकळे होतात. (खरं कारण तेच असतं, माझंही थोडंफार तेच होतं.) पण मुलाखतीत विचारतात ते वेगळंच: या तालुक्यात जे सापडेल ते दुसरीकडे लागू होईल का, आणि कोणत्या बाबतीत? त्याचं उत्तर 'घडण्यातलं साम्य' या शब्दांत आधीच तयार असू द्या.

सोनं खडकातलं की माणसाचं?

आता खजिन्याकडे येऊ. खजिन्याच्या प्रत्येक गोष्टीत दोन वेगळे दावे एकत्र मिसळलेले असतात. एक, इथल्या जमिनीत सोनं तयार झालं. दोन, इथे कुणीतरी सोनं आणून लपवलं. पहिला दावा खडकाबद्दल आहे, दुसरा माणसाबद्दल. दोन्ही तपासायची हत्यारं पूर्ण वेगळी.

प्लिटविसचा प्रदेश चुनखडीचा. तिथली तळी झाली तीही चुन्यामुळेच. पाण्यात विरघळलेला चुना वाहत येतो, धबधब्यावर पाणी फेसाळतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना शेवाळ-मॉसवर बसत जातो. असा बसत बसत त्याचा बांध होतो, बांधामागे तळं. नैसर्गिक केटी वेअरच म्हणा. अशा खडकात सोन्याच्या शिरा शोधायला कुणी जाणार नाही. याउलट कथेतल्या युटा जमातीच्या प्रदेशात, कोलोरॅडोच्या डोंगरांत, खरोखर सोन्याच्या खाणी होत्या. तरीही सिनेमा इथे चूक करत नाही. कारण त्यातला खजिना खाणीतला नाही, पूर्वजांनी ठेवलेला आहे. लपवलेल्या सोन्याला खडकाची जात लागत नाही, गुहा लागते. आणि गुहा चुनखडीत भरपूर. म्हणजे नकळत का होईना, जागा बरोबर निवडली गेली!

हेच दोन दावे आता आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. इथे मात्र विषय सिनेमाचा राहत नाही.

'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती पेठेच्या व्यापाराबद्दल आहे, खाणीबद्दल नाही. पण आमच्याकडे गावोगावी गुप्तधनाच्या गोष्टी आहेत. पडका वाडा, गढी, बारव, एखादं एकटं लिंबाचं झाड, की त्याखाली हंडा असणारच. अमावास्येला शेतात खड्डे पडतात. पायाळू माणसाला धन दिसतं म्हणून त्याला घेऊन फिरतात. मांडूळ साप पकडतात आणि लाखांत विकायला काढतात, जो वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी आहे. आमच्या नात्यातल्या एका अण्णांनी अशाच एका बाबाच्या नादाने दीड एकर गहाण टाकलं. ते अजून सुटलेलं नाही आणि त्यांच्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण त्यात राहिलं. मी एम.एस्सी. करत होते तेव्हा अण्णा पिशवीभर दगड घेऊन आले होते. "ताई, तू दगडाचंच शिकायलीस ना? मग सांग बरं, ह्याच्यात सोनं हाय का?"

दगड चमकत होते हे खरं. मोत्यासारखी झाक असलेले, पापुद्र्या-पापुद्र्यांचे. ते स्टिल्बाइट होतं, झिओलाइट गटातलं खनिज. आपल्याकडे विहीर खोदताना खूप निघतं.

यामागची गोष्ट अशी. जालना जिल्हा दख्खनच्या लाव्ह्यावर बसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला. आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी छिद्राळ, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा. विहीर खोदणाऱ्याला हे कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट माहीत असतं. त्या छिद्रांतून नंतर पाणी झिरपलं आणि त्यात गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट वाढले. चमकतं ते हेच.

सोन्याची शीर व्हायला यापेक्षा बरंच काही लागतं. खोलवरचं गरम पाणी, त्यात सोन्याला विरघळवून धरणारं गंधकासारखं द्रव्य, ते पाणी प्रचंड प्रमाणात वर येईल अशी मोठी भेग, आणि वर येताना दाब किंवा तापमान अचानक बदलून सोनं गारगोटीबरोबर खाली बसणं. हे सगळं जुळून आलं ते कर्नाटकातल्या अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. रायचूर जिल्ह्यातली हट्टी अजून चालू आहे. गंमत म्हणजे रायचूर आणि जालना दोन्ही एकेकाळी निजामाच्याच राज्यात होते. राज्य एक, खडक वेगळा. महाराष्ट्रातही पूर्वेला नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या जुन्या खडकांत सोन्याच्या नोंदी आहेत. आपल्या काळ्या दगडात नाहीत.

"म्हणजे अजिबात नाही?" असं अण्णांनी विचारलं. हा प्रश्न फार चांगला आहे, कारण खरं उत्तर 'आहे' असं येतं! साध्या बेसॉल्टमध्येही टनामागे काही मिलिग्रॅम सोनं असतं. हिशोब करून बघा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दहा मीटर खोलीपर्यंत ४०,४७० घनमीटर. बेसॉल्टची घनता २.९ धरली तर साधारण १ लाख १७ हजार टन खडक. टनाला २ मिलिग्रॅम धरू. झालं किती? २३४ ग्रॅम, म्हणजे जवळपास वीस तोळे. अण्णांच्या एका एकरात वीस तोळे सोनं! फक्त ते काढायला १ लाख १७ हजार टन पाषाण फोडून पिठासारखा दळावा लागेल. दहा टनी ट्रकच्या ११,७०० खेपा. खाण परवडायची तर टनाला मिलिग्रॅम नाही, ग्रॅम लागतात. म्हणजे शेकड्यांनी, हजारांनी पट जास्त. 'आहे की नाही' या प्रश्नापेक्षा 'किती आहे' हा प्रश्न नेहमी जास्त कामाचा असतो, ते असं.

चमकणाऱ्या दगडासाठी एक घरगुती चाचणी अण्णांना करून दाखवली. काट्याला दोरीने दगड टांगायचा, वजन घ्यायचं. मग तसाच पाण्याच्या बादलीत, तळाला न टेकवता, बुडवून पुन्हा वजन घ्यायचं. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा, घनता मिळते. त्यांचा एक दगड कोरडा २२० ग्रॅम, पाण्यात १२० ग्रॅम भरला. फरक शंभर, घनता २.२. तेवढ्याच वजनाचं सोनं पाण्यात फक्त ११ ग्रॅमच्या आसपास कमी भरलं असतं, कारण त्याची घनता १९.३ आहे. 'वेड्याचं सोनं' म्हणून ओळखलं जाणारं पायराइटसुद्धा ५ च्या आसपास असतं, म्हणजे ४४ ग्रॅम कमी. हे आकडे अण्णांना लगेच पटले, कारण काटा त्यांच्याच घरचा होता.

पण या चाचणीची मर्यादाही लक्षात घ्या, व्हायवाला तेच विचारतात. घनतेवरून एवढंच कळतं की हा तुकडा सोन्याचा नाही. खडकात डोळ्याला न दिसणारं सोनं विखुरलेलं असेल तर ते यात कळणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत दगड दळून, वितळवून रासायनिक तपासणी करावी लागते. प्रत्येक पद्धत काय सांगू शकते आणि काय सांगूच शकत नाही, हे तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात तरी आलं पाहिजे.

हंड्याचा हिशोब

आता दुसरा दावा, लपवलेल्या सोन्याचा. याला मी हसून उडवून लावणार नाही. बँक नव्हती, तिजोरी नव्हती, सैन्यं येत-जात होती. माणसं धन पुरून ठेवत, हे उघड आहे. जालन्याचाच दाखला आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी मोगलांची ही श्रीमंत पेठ लुटली. त्या वेळी व्यापाऱ्यांनी आपलं धन शहराबाहेर जान मुहम्मद नावाच्या अवलियाच्या ठिकाणी हलवलं होतं, कारण महाराज साधुसंतांच्या जागांना हात लावत नाहीत असा त्यांचा लौकिक होता. पण ते धन तिथेही सापडलं, अशी हकीकत इतिहासात येते. परतताना संगमनेरच्या बाजूला मोगल फौजेने गाठलं, लढाई झाली आणि बहिर्जी नाईकाने आडवाटांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर पोचवलं. लपवलेलं धन, पाठलाग, चोरवाटा जाणणारा वाटाड्या. कार्ल मायला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने एक कादंबरी नक्की पाडली असती!

म्हणजे लपवणं खरं. पण 'सोन्याने भरलेला हंडा' किती खरा? पुन्हा पेन-कागद घ्या. दहा लिटरचा मध्यम हंडा. नाणी कितीही दाबून भरली तरी मध्ये फटी राहतात, साठ टक्के जागा नाण्यांची धरू. सहा लिटर सोनं गुणिले १९.३, म्हणजे सुमारे ११६ किलो. तो हंडा चार माणसांशिवाय हलणार नाही, आणि गुपचूप तर नाहीच. मुघल मोहर साधारण ११ ग्रॅमची, म्हणजे साडेदहा हजार मोहरा. एका मोहरेला चौदा रुपये धरले तर त्या काळचे जवळजवळ दीड लाख रुपये. एवढी रोकड खेड्यातल्या गढीवाल्याकडे असेल का, आणि असली तर ती एका हंड्यात एका झाडाखाली ठेवेल का? आणि लोककथेत हंडे सात असतात.

सिनेमात हा हिशोब कुणी करत नाही. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मध्ये दफनभूमीत दोन लाख डॉलरचं सोनं पुरलेलं आहे. वीस डॉलरचं नाणं ३३.४ ग्रॅमचं. दहा हजार नाणी, ३३४ किलो. शेवटी क्लिंट ईस्टवुड अर्धा वाटा घोड्यावर टाकून वर स्वतः बसून जातो. १६७ किलो अधिक ईस्टवुड. घोड्याची दया येते.

अशा अंदाजी हिशोबाची सवय लावून घ्या. फील्डला जाण्याआधी, सॅम्पल गोळा करण्याआधी, गाईडकडे जाण्याआधी. माझ्या कामात तर हे रोजचं आहे. विहिरीला अमुक पाणी लागेल असं म्हणताना आधी पाऊस किती, मुरतं किती, साठायला जागा किती, एवढं कागदावर जुळतंय का ते बघते.

मग जमिनीत खरोखर काय सापडतं? बहुतेक वेळा लहान मडकी, आणि त्यांत चांदी, तांबं, कधी शिसं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये असा एक साठा मिळाला. क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. त्या ठोकलेल्या खुणांवरून पक्कं कळलं की सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली आणि त्याचं चलन आपलं करून चालवलं. तेरा हजार नाण्यांची चांदी वितळवली असती तर नुसते दागिने झाले असते आणि दख्खनच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं. नाणी एकत्र सापडली, मोजली गेली, जशीच्या तशी नोंदवली गेली, म्हणून तो पुरावा झाला. पुरावा वस्तूत असतो त्यापेक्षा जास्त ती कुठे, कशासोबत, किती खोलीवर होती यात असतो. अमावास्येला पहारीने खणलेल्या खड्ड्यात हाच भाग आधी मरतो.

आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा खजिना माझ्या मते भोकरदनला सापडला, आणि त्यात सोन्याची चमक नव्हती. केळना नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांबरोबर या गावाचं नाव कोरलेलं आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. अहवाल शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा. सातवाहन काळच्या थरांत मणी, शंखाच्या वस्तू मिळाल्या आणि हस्तिदंतात कोरलेल्या स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग मिळाला. दागिन्यांनी मढलेली, बाजूला छोट्या दासी.

अशीच एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली होती. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच भारतातून रोमन जगात पोचलेली होती. तारखेची वरची मर्यादा आपोआप मिळाली. भोकरदनचा तुकडा आणि तेरची तशीच मूर्ती यांच्याशी तिचं साम्य पाहून, ती दख्खनमध्ये घडली असावी असं काही अभ्यासक म्हणतात. साम्यावरून एवढंच म्हणता येतं, 'भोकरदनच्या कारागिरानेच केली' असं म्हणता येत नाही. इथेही तोच प्रश्न: साम्य दिसण्यातलं की घडण्यातलं? हस्तिदंत कुठल्या प्रदेशातला, हे समस्थानिकांच्या तपासणीतून पाहता येतं. रसायन, भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र घेऊन पीएच.डी. करू पाहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पुरातत्त्व ही फक्त इतिहासवाल्यांची मक्तेदारी नाही.

बाबाचं गृहीतक

राहता राहिला तो बाबा. अण्णांच्या शेतात नऊ फूट खणून काही निघालं नाही तेव्हा बाबा म्हणाला, "धन सरकलं." दुसऱ्या ठिकाणी खणलं, तिथेही नाही. "राखणदार कोपला, अजून एक विधी लागेल." त्याचे प्रत्येकी वेगळे पैसे. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने सांगितलेली कसोटी इथे लावून बघा: काय दिसलं तर तुम्ही तुमचा दावा सोडाल? बाबाच्या दाव्याला याचं उत्तरच नाही. खजिना सापडला तर बाबा खरा, नाही सापडला तर खजिना चालता झाला. खोडता न येणारं गृहीतक असं दिसतं. प्रपोजलमध्येही ते येतं बरं का, फक्त जरा सभ्य भाषेत: 'सदर घटकाचा काही प्रमाणात परिणाम होत असावा किंवा अन्य घटक कार्यरत असावेत.' आरआरसीत असं वाक्य गेलं की समोरचे चष्मा पुसायला लागतात.

'मशीन लावून बघू' म्हणणारे बाबाही आता आले आहेत. हातात धरायच्या मेटल डिटेक्टरला सुटं नाणं साधारण फूटभर खोलीपर्यंतच कळतं. आम्ही भूजलासाठी विद्युत रोधकता मोजतो, ती खोलवर जाते, पण तिला हंडा आणि ओल्या मुरुमाचा खिसा यातला फरक सांगता येत नाही. रोधकता कमी आली की पाणी असू शकतं, चिकणमाती असू शकते, क्षार असू शकतात. म्हणून आम्ही शेजारच्या विहिरींचे थर, भूगर्भीय नकाशा आणि पाण्याची पातळी एकत्र ठेवून मगच बोलतो. बाबाला एकाच वाचनावर हंडा दिसतो.

आणि समजा खरंच काही सापडलं तर? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं, जमिनीत दडलेलं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कोणाचा हक्क निघाला नाही आणि सरकारने ते संपादित केलं नाही, तर त्यात सापडवणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जागामालकाला उरलेला वाटा अशी तरतूद आहे. लपवलं तर तो हिस्साही जातो आणि वर शिक्षा. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्य करणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. हा कायदा झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता.

अण्णांनी ते स्टिल्बाइटचे दगड परत नेले नाहीत. आमच्या विभागाच्या संग्रहात ठेवले आहेत, चिठ्ठीवर गाव, गट नंबर आणि विहिरीची खोली लिहून: ३२ फूट, छिद्राळ थर. कुणाला झिओलाइटवर काम करायचं असेल तर मला सांगा, नमुने तयार आहेत.